तोंड काळं करण्याचा मान

कोळशाच्या वखारीत पांढरं काय सापडेल, असं कुणी विचारलं तर गल्लीतली माणसं सांगायची, दोनच गोष्टी. काकूंचे डोळे आणि काकूंचे दात. त्यातले दात क्वचितच दिसायचे.

काकू म्हणजे वखारीच्या मालकीणबाई. तशा त्या कुणाच्याच काकू नव्हत्या. दीर नाही, पुतण्या नाही. नवरा होता, तोही मुलगा चालायला लागायच्या आत गेलेला. पण इस्त्रीवाला म्हणायचा काकू, लोहार म्हणायचा काकू, आणि गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून पोटचा मुलगासुद्धा लहानपणी त्यांना काकूच म्हणायचा. दोन धपाटे खाल्ले तेव्हा आई म्हणायला लागला. माघारी मात्र सगळे त्यांना दगडीकाकू म्हणत. दगडी कोळसा पेटायला फार नखरे करतो. फुंकर घाला, वारा घाला, हातापाया पडा, तो आपला थंड. पण एकदा धरला की दिवसभर विझायचं नाव घेत नाही. काकूंचा रागही तसाच आणि मायाही तशीच. हे नाव आपल्याला पडलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

त्या वखारीवर अख्खी गल्ली तापायची. पाववाल्याची भट्टी, लोहाराचा भाता, न्हाव्याचं गरम पाणी, आणि इस्त्रीवाल्याची पोटात निखारे घेऊन फिरणारी ती जडशीळ इस्त्री. कुणी पावाची तारीफ केली की काकू म्हणायच्या, "पाववाला काय करतो? पीठ मळतो. भाजते मी." लोहाराने वाकवलेली कडी दिसली की म्हणायच्या, "बरी वाकवलीय मी." गल्लीत कुणाची कॉलर ताठ असली तर तीसुद्धा काकूंचीच कृपा. हा सगळा मोठेपणा त्या वखारीच्या दारात, पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसून मिरवायच्या. त्यावर कुणी हसलं की त्याच्या पोत्यात चुरा जरा जास्तच पडायचा.

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण त्यांच्यासमोर कुणी टाकली तर त्या चिडायच्या नाहीत. उलट खूश व्हायच्या. "बघा म्हणजे, आत एक बाहेर एक असली भानगड नाही," म्हणायच्या. "तुम्हाला उगाळून बघायचं का जरा?"

जगातली माणसंही त्यांनी वखारीतल्या ढिगांप्रमाणे वाटून टाकली होती. काही लाकडी कोळशासारखी, ठिणगी पडली की भडकणारी आणि चहाला उकळी फुटायच्या आत राख होणारी. काही नुसता चुरा, कामाची नाहीत पण सगळ्यांच्या डोळ्यांत जाणारी. आणि काही ओली. "ओल्या कोळशाला धूर फार," काकू म्हणायच्या, "जाळ शोधत बसा." बहुतेक पाहुणे त्या ओल्यात टाकायच्या.

आता वखारीतल्या भाषेबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं महाभारत कळायचं नाही. बाहेरच्या जगात कुणी कुणाला 'तोंड काळं कर' म्हटलं तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. चालता हो, पुन्हा दारात दिसू नकोस. पण वखारीत? वखारीत माणूस कामाला लागला की घटकाभरात त्याचं तोंड काळं होतंच. तेव्हा तिथे तोंड काळं करणं म्हणजे कामाला लागणं, दुसरं काही नाही. "आज उशिरा तोंड काळं केलंस," आई मुलाला म्हणायची. "सकाळी लवकर तोंड काळं केलं की दुपारी जरा पडता येतं," मुलगा म्हणायचा. यात कुणाला हसू यायचं नाही की राग यायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं.

शिवाय काकूंच्या मनात या शब्दांना एक मान होता. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांचे सासरे जिवंत होते. सासरे फार कमी बोलायचे. नव्या सुनेशी तर त्यांनी पहिले बरेच दिवस शब्दही काढला नव्हता. मग एक दिवस वखारीतून आत आले, फावडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पोरी, तोंड काळं कर." काकू स्वतः कोळसा पाडणाऱ्यांच्या घरातल्या, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. आजपासून तू पाहुणी नाहीस, ही वखार तुझी, एवढं सगळं म्हातारा त्या तीन शब्दांत बोलून गेला होता. त्या दिवशी काकूंना इतका आनंद झाला होता की त्यांनी गरज नसताना अख्खा ढीग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला.

तर अशा घरात दूधवाल्याची मुलगी सून म्हणून आली.

दूधवाल्यांची डेअरी रेल्वेच्या पुलापलीकडे. तिथे मोठ्या कढयांत दूध तापायचं आणि खालच्या भट्टीला कोळसा काकूंच्या वखारीतून जायचा. हातगाडीवर पोती घालून चिरंजीव स्वतः पोचवायला जायचे. पोती टाकायला किती वेळ लागतो? पण चिरंजीव जायचे ते अर्ध्या दिवसाने उगवायचे, आणि काळ्याकुट्ट तोंडावर मिशीच्या जागी दुधाची पांढरी रेघ घेऊन. काकूंनी आधी दुर्लक्ष केलं. मग एकदा विचारलं, "दूध फुकट देतात का रे तिथे?" चिरंजीव लाजले. कोळशाखालून लाज दिसणं अवघड, पण आईला दिसली.

सूनबाई गोड होती आणि अखंड बोलायची. भाजी चिरताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, झोपेतही बोलते असं चिरंजीव कौतुकाने सांगायचे. काकू तिच्या प्रत्येक बोलण्याला 'हूं' म्हणायच्या. त्या 'हूं'चा अर्थ सूनबाईला कधीच लागला नाही. तिला वाटायचं, सासूबाईंना आपण आवडत नाही. आणि काकूंचं म्हणाल तर त्या वखारीतून काही ना काही निमित्त काढून आत यायच्या, पाणी प्यायला, किल्ली बघायला, उगाच. इतकी वर्षं त्या घरात भांड्यांशिवाय कुणी आवाज केला नव्हता. आता घर बोलत होतं आणि काकूंना ते ऐकत राहावंसं वाटायचं. पण हे तिला सांगायचं असतं, हे काकूंच्या गावीही नव्हतं.

सुनेला वखारीत त्यांनी पाऊल टाकू दिलं नव्हतं. अजून पाहुणी आहे, म्हणायच्या. आतून मात्र तयारी सुरू होती. गुडघे दुखायला लागले होते. चिरंजीव मालधक्क्यावर, गाडीवर, बाहेरच्या कामात. दारात बसून वखार सांभाळायला माणूस हवं होतं, आणि ते माणूस काकूंनी मनात ठरवून टाकलं होतं. लोहाराकडून एक हलकं फावडं करून घेतलं. दांडा इतका घासून गुळगुळीत करायला लावला की लोहार म्हणाला, "काकू, कोळसा ओढायचाय की बाळ जोजवायचंय?" काकू म्हणाल्या, "तिचे हात दुधात वाढलेत."

मग चिरंजीव मालधक्क्यावर माल उतरवून घ्यायला गेलेले असताना एका सकाळी काकूंनी मुहूर्त साधला. फावडं वखारीच्या दारात नीट टेकवून ठेवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सूनबाई नुकतीच न्हाऊन, स्वच्छ कपडे घालून गरम चहाचा कप तोंडाला लावत होती. काकूंना भरून आलं. आणि काकूंचं असं होतं की भरून आलं की आवाज दरडावल्यासारखा निघायचा.

"हं," त्या म्हणाल्या. "पुरे झालं तुझं पाहुणपण. ऊठ आता आणि तोंड काळं कर."

एवढं बोलून डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून त्या पाठ फिरवून तरातरा वखारीत निघून गेल्या. घमेल्यावर बसल्या आणि वाट बघू लागल्या. सासऱ्यांनी दिलं त्याहून चांगलं फावडं आपण देतोय, या विचाराने त्या दिवशी त्यांचे दात एकट्यातच दिसले.

थोड्या वेळाने घराच्या पुढच्या दाराने सूनबाई बाहेर पडली. हातात पिशवी, डोळे लाल, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड बंद. वखारीवरून गेली पण तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुलाच्या दिशेने वळली आणि दिसेनाशी झाली.

काकू फावड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीचा पडला. कोळशाला नाक मुरडलं हिने. दुधाने धुतलेली माणसं ही, यांना आपल्या वखारीची लाज वाटते. आपण उभी वखार दिली आणि ही माहेरी निघून गेली.

चिरंजीव परत आले तेव्हा घर रिकामं. बायको कुठे गेली विचारलं तर आई म्हणाली, "तिला कोळसा घाण वाटतो. जा, विचार तिलाच." बिचारा तसाच, धक्क्यावरच्या धुळीनिशी, पुलापलीकडे धावला. सूनबाई डेअरीच्या मागच्या दारात आली. नवऱ्याला पाहून तिला रडू फुटलं.

"तुमच्या आई मला म्हणाल्या, तोंड काळं कर."

चिरंजीव वखारीत जन्मलेले, वखारीत वाढलेले. त्यांचा चेहरा उजळला. आईने एवढा मान दिला, आणि आपल्याला पत्ताच नाही.

"मग?" ते म्हणाले. "करायचं होतंस ना!"

दार धाडकन बंद झालं. चिरंजीवांनी बराच वेळ ठोठावलं. आतून फक्त दुधाच्या कढईत डाव फिरल्याचा आवाज येत राहिला. घरी येऊन त्यांनी आईला घडलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि दोघांनी मिळून अर्थ काढला, की आता शंकाच उरली नाही, पोरीला वखार नको. माणसाला स्वतःच्या घराचा वास येत नाही म्हणतात. या मायलेकांना स्वतःच्या घरातली शिवी ऐकू आली नाही.

मग दगडीकाकू पेटल्या. जिथे आमच्या कोळशाची लाज वाटते तिथे आमचा कोळसा कशाला, म्हणाल्या, आणि डेअरीची पोती बंद केली. चिरंजीवांनी विनवून पाहिलं. "आई, दूध नासेल त्यांचं." काकू म्हणाल्या, "नासू दे. दूध नुसतं पांढरं असून भागत नाही, खाली काहीतरी काळं जळावं लागतं, हे कळू दे जरा."

आणि कळलं. दूधवाल्यांनी लाकडं जाळून पाहिली, घरभर धूर झाला आणि दुधाला त्याचा वास लागला. इकडून तिकडून चार पोती कोळसा आणला, तो निघाला ओला. दोन कढया नासल्या. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली.

पण सुख इकडेही नव्हतंच. काकू पाणी प्यायला आत यायच्या आणि तांब्या हातात घेऊन उभ्या राहायच्या. घर पुन्हा मुकं झालं होतं. पूर्वी त्यांना ते कधी मुकं वाटलं नव्हतं, ही पंचाईत. एकदा तर त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून 'हूं' म्हणाल्या, आणि कुणी ऐकलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्यांना ती पोर हवी होती. एवढं साधं होतं ते. पण रागाचा निखारा आत लाल होता तोवर हे त्यांना स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

शेवटी दूधवाले व्याही स्वतःच वखारीच्या दारात येऊन उभे राहिले. भला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी मात्र नमस्कारही केला नाही.

"विहीणबाई, कोळशाचं जाऊ द्या. मला एकच सांगा. तुम्ही माझ्या लेकीला तोंड काळं कर म्हणालात?"

"म्हणाले," काकू म्हणाल्या. "मानाने म्हणाले. आणि पुन्हा म्हणेन."

व्याही तसेच परत फिरले. असल्या बाईशी काय बोलणार माणूस? काकूंनी विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिलं. कोळसा न्यायला आलेला इस्त्रीवाला टोपली हातात धरून तिथेच उभा होता, आणि त्याचा चेहरा मात्र कुणीतरी गरम इस्त्री पायावर ठेवल्यासारखा झाला होता.

"काकू," तो हळूच म्हणाला, "सूनबाई यामुळे गेली?"

"कोळशाची लाज वाटली म्हणून गेली."

"अहो, तुम्ही तिला हाकलून दिलंत."

"मी? मी वखार दिली तिला."

"काकू, उद्या पाववाल्याच्या बायकोने तिच्या सुनेला म्हटलं की पुरे झालं, ऊठ आणि तोंड काळं कर, तर तुम्ही काय समजाल?"

 काकूंनी पाववाल्याची बायको डोळ्यांसमोर आणली, तिची सून आणली. मनातल्या मनात त्या बायकोच्या तोंडी ते वाक्य घातलं. आणि मग, फार सावकाश, दगडी कोळशाने आच धरावी तसा तो अर्थ त्यांच्यात शिरला. त्या जवळच्या तराजूच्या पारड्यातच बसल्या. पारडं जमिनीला लागलं आणि दुसरं पारडं वर जाऊन लटकत राहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं काकूंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या तर मोजून बोलायच्या. आणि मोजून मापून बोललेलं एकच वाक्य असं निघालं. चहाचा कप हातात घेऊन बसलेली ती पोर त्यांना आठवली. वर आपला तो दरडावलेला आवाज. वर चिरंजीवांचं 'करायचं होतंस ना'. काकूंना स्वतःची लाज वाटली. मनापासून, कानांपर्यंत लाज वाटली.

"आता जाऊन सांगा तिला," इस्त्रीवाला म्हणाला.

"सांगायचं काय? मला कुठे बोलता येतं?"

बोलता येत नव्हतं, पण कोळसा निवडता येत होता. काकू ढिगावर चढल्या. चाळणी बाजूला ठेवून हाताने एकेक तुकडा उचलून बघायला लागल्या. चकचकीत, कडक, वाजवला की टणक आवाज देणारा, दगड नसलेला, ओल नसलेला. फळवाल्याकडे माणसं फळं निवडतात तसा त्यांनी तो कोळसा निवडला आणि पोत्यांत भरला. असा कोळसा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. पाववाला बघून म्हणाला, "काकू, मला नाही कधी असा दिलात." काकू म्हणाल्या, "तुझ्या पोरीला मी कधी हाकललं नाही." त्यांचा हिशेब सरळ होता. गाडी डेअरीच्या दारात उभी करायची, बोलायची वेळ यायच्या आत पोती उतरवायची, आणि कोळसा बघून दूधवाल्यांना सगळं कळेल.

पुलाच्या माथ्यापर्यंत चिरंजीवांनी गाडी ढकलली. तिथून काकूंनी त्यांना परत पाठवलं. "तू येऊ नकोस. तू तोंड उघडलंस की दारं बंद होतात." पलीकडच्या उतारावर गाडी मागे ओढून धरत त्या एकट्या खाली उतरल्या.

डेअरीत पाऊल टाकायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. धूर नव्हता. कोळशाचा नाही, लाकडाचा नाही. त्यांनी दारातून डोकावलं. व्याही भट्टीसमोर वाकून उभे होते, पण भट्टी फोडून टाकलेली होती. तिच्या जागी लोखंडी चूल, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला गॅसची टाकी. आणि कढईखाली निळ्या फुलांचं एक गोल कडं जळत होतं, आवाज न करता.

"विहीणबाई," व्याही ताठ होत म्हणाले, "कोळसा आता नको. आजच जोडून गेले."

काकू त्या निळ्या जाळाकडे बघत राहिल्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. इतकी वर्षं जपलेलं गिऱ्हाईक त्यांनी स्वतः रागाच्या भरात गॅसच्या हवाली केलं होतं. पण त्याचं दुःख करायला त्यांना त्या क्षणी सवड नव्हती.

"याला धूर नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"राखही नाही?"

"नाही."

"मग सकाळी उठून शिव्या कुणाला घालायच्या?"

व्याही हसणार होते, पण त्यांनी हसू दाबलं. तेवढ्यात आतून हातात डाव घेऊन सूनबाई बाहेर आली. सासूला पाहून जागीच थांबली. काकूंनी गाडीकडे पाहिलं. एवढा निवडून आणलेला कोळसा, आणि तो आता कुणाला काही सांगणार नव्हता. त्यांच्या वतीने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. बोलायला त्यांनाच लागणार होतं.

"मी तुला जा म्हटलं नव्हतं," काकू म्हणाल्या. आवाज पुन्हा दरडावल्यासारखा निघाला, तशा त्या थांबल्या, घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. "मी तुला राहा म्हटलं होतं. आमच्या वखारीत कामाला लाग म्हणायचं तर तसंच म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी मला म्हटलं होतं, मी आनंदाने वेडी झाले होते. मला वाटलं, तूही होशील. बाहेर त्याचा अर्थ काय होतो ते माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

सूनबाई काहीच बोलली नाही. ती बोलत नाहीये हे काकूंना सगळ्यात असह्य झालं.

"म्हणजे तुम्ही मला वखारीत बसायला सांगत होतात?" शेवटी तिने विचारलं.

"वखार देत होते तुला. फावडंही करून घेतलंय."

"आणि मी नाही म्हटलं तर? मला कोळशात हात घालायचाच नसला तर?"

 ज्या वखारीवर त्यांनी नवरा गेल्यावर मूल वाढवलं, गल्ली तापवली, जिच्या दारात बसून त्या जगाला उगाळून बघत आल्या, ती अख्खी वखार काकूंच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"तर वखार गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "तू घरी चल. तू नसलीस की मला करमत नाही. तुझं बोलणं ऐकायला मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत यायचे. इतकं पाणी माणूस पितं का?"

सूनबाईच्या हातातला डाव खाली गेला. ती रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली, आणि मग म्हणाली, "पण यांनीसुद्धा तेच म्हटलं, करायचं होतंस म्हणाले."

"तो गाढव आहे," काकू म्हणाल्या. "वाढवलाय मी. दोष माझाच."

व्याह्यांनी पाठ फिरवली आणि उगाच गॅसची नळी तपासत बसले. मग म्हणाले, "विहीणबाई, कोळसा आणलाच आहे तर राहू द्या इथे. पडून राहील."

"ज्याला नको त्याच्या दारात मी कोळसा ठेवत नाही," काकू म्हणाल्या आणि भरलेली गाडी तशीच वळवली. मानी बाई, तिला कोण सांगणार की पुढे पुलाचा चढ आहे.

चढ लागला तशी गाडी जड झाली. काकू पुढून ओढत होत्या, सूनबाईने पिशवी पोत्यांवर टाकली आणि मागून रेटा दिला. थोडं वर गेल्यावर तिची वाचा परत आली. मान वर करून ती मागूनच बोलू लागली.

"आई, मी सकाळी वखारीत येईन. पण दुपारी नाही. दुपारी मी शिलाईचं काम करणार आहे."

"हूं," काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं.

"आणि खिडक्यांना पांढरे पडदे लावणार मी."

कोळशाच्या वखारीला लागून असलेल्या घरात पांढरे पडदे. काकूंनी डोळे मिटले आणि गाडी ओढली. "हूं."

"आणि मी काही बोलले की नुसतं हूं करायचं नाही. मला कळत नाही त्यातलं काही."

"हूं," काकू म्हणाल्या.

पुलाचा माथा जवळ आला होता. सूनबाई जरा घुटमळली, मग एका दमात म्हणाली, "आणि स्वयंपाकघरात आपण गॅस घ्यायचा. शेगडीच्या धुराने माझे डोळे चुरचुरतात."

काकूंचे पाय थबकायला आले. पण चढावर थबकता येत नाही, गाडी मागे येते, आणि मागे सून होती. त्यांनी दात आवळले, दांडी घट्ट धरली आणि चालत राहिल्या. बऱ्याच वेळाने पुढून आवाज आला, "हूं."

"तुम्ही धाप लागलीय म्हणून हो म्हणताय, की खरंच?" सूनबाईने विचारलं.

 माथ्यावर पोचल्यावर काकूंनी चाकाखाली दगड सरकवला, कठड्याला टेकल्या आणि शांतपणे उभ्या राहिल्या. वारा चांगला होता. हळूहळू त्यांचा श्वास जागेवर आला. सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता यांच्यात दम आलाय, आता एकेक गोष्ट परत घेतील, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

काकूंनी तिच्या पिशवीवरचा कोळशाचा चुरा झटकला, दांडी पुन्हा हातात घेतली.

"अजून काही मागायचं राहिलं असेल तर आत्ताच मागून घे," त्या म्हणाल्या. "पुढे उतार आहे."